सरकारी की खासगी? प्रश्नच अपुरा आहे

कल्याणकारी सेवा एकतर सरकारी असते, नाहीतर खासगी, हा समज जुना आहे आणि चुकीचा. त्यात तीन वेगळे प्रश्न एकत्र गुंडाळले जातात: पैसा कोणाचा, सेवा देतं कोण आणि कोणाला किती मिळणार हे ठरवतं कोण?

ब्रिटनची आरोग्यसेवा १९४८ पासून सरकारी म्हणून ओळखली जाते. पण तिथले फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने बहुतांशी स्वतंत्र व्यावसायिकच चालवतात, सरकारशी करार करून. रुग्णाला मात्र तपासणीचे पैसे पडत नाहीत. नेदरलँड्समध्ये तर १९१७ च्या घटनादुरुस्तीपासून खासगी संस्थांच्या शाळांनाही सरकारी शाळांच्या बरोबरीने सरकारी पैसा मिळतो. टाका आता कोणत्या खान्यात टाकता ते!

‘खासगीकरण झालं’ अशी ओरड ऐकली की मी आधी विचारतो: नेमकं कशाचं? पैशाचं, कामाचं की निर्णयाचं?