पिकाला पाण्याचा ताण सोसायला मदत करणारी नैसर्गिक संयुगं

झाडं, समुद्री शेवाळ, जिवाणू, बुरशी यांच्या अंगात आपोआप तयार होणारे काही पदार्थ बियाण्याला चोळून, मुळाशी सोडून नाहीतर पानावर फवारून पिकाची कोरड सोसायची ताकद वाढवायची, अशी ही पद्धत. दुकानात यातलं बरंचसं ‘टॉनिक’ म्हणूनच मागितलं जातं, सरकारी कागदावर त्याला जैव उत्तेजक किंवा बायोस्टिम्युलंट म्हणतात. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकलेली बरी, यातलं कुठलंही संयुग पाणी तयार करत नाही, जमिनीत जी काही ओल आहे ती पुरवून वापरायला लावतं आणि पिकाला थोडे दिवस मिळवून देतं, बास. म्हणजे १९७२ सारख्या दुष्काळात किंवा २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं तसल्या वर्षात याचा उपयोग शून्याच्या जवळपास, पण पेरणी झालीये, पीक फुलोऱ्यात आहे आणि पावसाने मधेच दोन-तीन आठवडे दडी मारली अशा वेळी खरा उपयोग. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता आणि नेमकं त्याच वेळी आपल्याकडचं सोयाबीन फुलात-शेंगात होतं, तर असला खंड डोळ्यासमोर ठेवून पुढचं वाचावं.

झाडाच्या आत काय चालतं

झाड मुळांनी जेवढं पाणी ओढतं त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पानांवाटे वाफ होऊन उडून जातं. पानावर बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं, त्यातूनच कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्यातूनच पाणी बाहेर जातं, त्यामुळे झाडाची कायमची पंचाईत असते, छिद्र उघडं ठेवलं तर पाणी जातं आणि बंद केलं तर अन्न बनत नाही, वर पान तापतं ते वेगळंच. ही छिद्रं कधी मिटायची हे ठरवणारं मुख्य संप्रेरक म्हणजे ॲब्सिसिक ॲसिड. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कापसाच्या बोंडांवर काम करणाऱ्या फ्रेडरिक ॲडिकॉट यांच्या गटाला आणि ब्रिटनमध्ये झाडांच्या सुप्तावस्थेवर काम करणाऱ्या वेअरिंग यांच्या गटाला ते वेगवेगळ्या वाटेने सापडलं, आणि आत्ताचं नाव १९६७ मध्ये ठरलं. जमीन सुकायला लागली की याचं प्रमाण वाढतं, छिद्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामागे पाणी जातं, पेशी ढिल्या पडतात आणि छिद्र मिटतं. पण हे संप्रेरक पेशीत नेमकं कुठे जाऊन चिकटतं ते कळायला २००९ साल उजाडलं, तेव्हा कॅलिफोर्नियातले शॉन कटलर आणि जर्मनीतले एर्विन ग्रिल या दोघांच्या गटांनी त्याचा ग्राहक रेणू शोधून काढला.

मग हेच ॲसिड विकत आणून फवारलं तर? करता येतं, बुरशीच्या किण्वनातून ते बनवतात पण, आणि बाजारातही आहे, फक्त त्याचा जास्त खप दुष्काळासाठी नाही तर लाल-काळ्या द्राक्षांना रंग यावा म्हणून होतो! कारण साधं आहे, उन्हात ते लवकर मोडतं, झाड स्वतःही त्याला पटकन मोडून टाकतं आणि किंमत अशी की ज्वारी-बाजरीला कुणी वापरणार नाही. म्हणून कटलर यांच्यासारखे लोक त्याच ग्राहकाला चिकटणारे पण जास्त टिकणारे कृत्रिम रेणू शोधत बसलेत, त्यातला क्विनाबॅक्टिन २०१३ चा. तो विषय नैसर्गिकच्या बाहेरचा.

दुसरी युक्ती पेशीत पाणी धरून ठेवायची. ताण पडला की बरीच झाडं प्रोलीन नावाचं अमिनो ॲसिड, ग्लायसिन बीटेन, काही शर्करा असले विरघळणारे पदार्थ पेशीत साठवतात, त्याने पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जात नाही आणि प्रथिनं, पेशीचे पडदे शाबूत राहतात. ग्लायसिन बीटेन शुगरबीटमध्ये भरपूर असतं, साखर काढून झाल्यावर उरलेल्या मळीतून ते निघतं, आणि १९९० च्या दशकात फिनलंडमध्ये ते पिकांवर फवारून बघायचे बरेच प्रयोग झाले. इथे एक मुद्दा दुकानात कुणी सांगत नाही: गहू, ज्वारी, पालक हे स्वतःच बीटेन बनवतात, भात, टोमॅटो, बटाटा जवळजवळ बनवतच नाहीत, त्यामुळे बाहेरून द्यायचंच झालं तर ते टोमॅटोला देण्यात जास्त अर्थ आहे.

या बाबतीतली खरी उस्ताद झाडं आपल्या सह्याद्रीवरच आहेत. कातळावर, सड्यावर उगवणारी काही झुडपं-गवतं-नेचे उन्हाळ्यात कडकडीत वाळून मेल्यासारखे होतात आणि पहिल्या पावसात परत हिरवे होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटातल्या अशा ६२ जातींची यादी केली, त्याआधी अशा फक्त ९ माहीत होत्या. असल्या झाडांत वाळताना सुक्रोज, काहींमध्ये ट्रेहॅलोज अशा शर्करा साठतात आणि पाणी गेल्यावर पेशीचा सांगाडा त्या सांभाळतात. हे गुण पिकात कसे आणायचे त्यावर जगभर काम चालू आहे, शेतात पोचलेलं मात्र त्यातलं फारसं काही नाही.

व्हिनेगर आणि अल्कोहोल

गेल्या काही वर्षांत सगळ्यात चर्चा झाली ती जपानच्या रिकेन संस्थेतल्या मोतोआकी सेकी यांच्या गटाच्या कामाची, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातला हा सगळ्यात मजेशीर भाग आहे. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की कोरड पडल्यावर झाड स्वतःच ॲसेटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल बनवायला लागतं, त्यातून जॅस्मोनेट नावाच्या संप्रेरकाची यंत्रणा जागी होते, आणि हेच आम्ल पातळ करून आधीच मुळांना दिलं तर पुढे पाणी तोडल्यावर झाडं जास्त जगतात. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या झाडाबरोबरच मका, भात, गहू आणि रेप मोहरीवरही तो परिणाम दिसला. मग २०२२ मध्ये त्याच गटाने इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, वापरलं. गहू आणि भाताच्या रोपांना तीन दिवस मुळातून पातळ इथेनॉल दिलं, मग दोन आठवडे पाणी बंद, परत पाणी दिल्यावर इथेनॉलवाल्या रोपांतली साधारण ७५ टक्के जगली आणि नुसत्या पाण्यावरच्यांतली ५ टक्केही नाही. इथेनॉल मिळाल्यावर ताण यायच्या आधीच छिद्रं मिटायला लागलेली आणि त्याच इथेनॉलपासून झाडाने साखर आणि अमिनो ॲसिडं बनवलेली आढळली. उद्या नळाला पाणी नाही म्हटल्यावर आपण आज हंडे भरून ठेवतो तसलाच प्रकार.

आता हे वाचून कुणी किराणा दुकानातली व्हिनेगरची बाटली पंपात ओतू नये. नेहमीच्या ताकदीचं व्हिनेगर पानावर पडलं तर पान जळतं, तण मारायला लोक तेच वापरतात. शिवाय हे प्रयोग कुंडीतले, आणि कुंडीत रोप जगलं की नाही हे मोजतात, शेतकऱ्याला मोजायचा असतो उतारा. जगणं वेगळं आणि दाणा भरणं वेगळं, छिद्रं लवकर मिटवून जगलेलं पीक कमी अन्न बनवतं आणि दाणे भरायच्या वेळेला असं झालं तर वजन घटतं पण.

शेतात काय वापरतात

समुद्री शेवाळाचा अर्क यात सगळ्यात जास्त विकला जातो. उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यावर, म्हणजे कॅनडा, आयर्लंड, नॉर्वे वगैरे, ॲस्कोफायलम नावाचं तपकिरी शेवाळ असतं, ओहोटीला ते तासन्‌तास उघडं पडतं, सुकतं, भरती आली की परत भिजतं, म्हणजे ताण सोसायची त्याची रोजचीच सवय. त्याच्या अर्कात मॅनिटॉल, अल्जिनिक ॲसिड, बीटेनं आणि थोडी पोषक द्रव्यं असतात. भारतात तमिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावर बायका बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस हे लाल शेवाळ वाढवतात, ते ओलं असतानाच पिळून रस काढायचा आणि उरलेल्यातून कॅराजीनन हा खाद्यपदार्थ घट्ट करायला वापरतात तो पदार्थ काढायचा ही पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ आणि समुद्री रसायन संशोधन संस्थेने बसवली. इफ्कोचं ‘सागरिका’ आपल्याकडे गावोगाव दिसतं ते शेवाळाचंच. नेमका कुठला घटक काम करतो याचं एकच एक उत्तर नाही, बहुधा सगळ्यांचं मिळून काहीतरी होतं, आणि म्हणूनच दोन कंपन्यांच्या बाटल्यांमध्ये फरक पडतो.

सॅलिसिलिक ॲसिड, मूळचं विलोच्या सालीतलं आणि ॲस्पिरिनच्या घराण्यातलं, कमी मात्रेत ताण सोसायची यंत्रणा जागी करतं. प्रयोगांमध्ये बऱ्याचदा १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास वापरतात, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला दीड ग्रॅम फक्त, आणि ते पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात टाकावं लागतं, नाहीतर तळाशी बसतं. जास्त झालं तर उलट वाढ खुंटते.

घरच्या घरी होण्यासारखा प्रकार म्हणजे शेवग्याच्या पाल्याचा अर्क. शेंड्याकडची कोवळी पानं घ्यायची, थोडं पाणी घालून वाटायची, फडक्यातून पिळून रस काढायचा आणि तो ३० पट पाण्यात मिसळून फवारायचा. पाल्यात झिएटिन हे सायटोकायनिन प्रकारचं संप्रेरक असतं, त्याने पान लवकर पिवळं पडत नाही, बरोबर क जीवनसत्त्व, पोटॅश असतंच. निकाराग्वामध्ये फॉइडल यांनी ही पद्धत मांडली आणि पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात त्यावर भरपूर काम झालंय. रस ताजा असतानाच वापरायचा, सकाळी वाटला तर सकाळीच फवारून मोकळं व्हायचं, ठेवला तर आंबतो. आणि दोनदा गाळायचा, नाहीतर चोथा नोझलमध्ये जाऊन बसतो आणि अर्धा दिवस नोझल काढून फुंकण्यात जातो. एकर-दोन एकरला ठीक आहे, वीस एकरला एवढा पाला आणणार कुठून!

कोइम्बतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने एक वेगळीच वाट धरली, पानावर राहणारे गुलाबी रंगाचे मिथायलोबॅक्टेरियम जिवाणू. पानातून बाहेर पडणाऱ्या मिथेनॉलवर हे जगतात आणि बदल्यात झाडाला सायटोकायनिनसारखी संप्रेरकं पुरवतात. एक टक्का द्रावण फवारायची शिफारस आहे, फक्त कीटकनाशक-बुरशीनाशकात मिसळायचं नाही, जिवाणू मरतात.

आपल्याकडे कोरडवाहूसाठी कृषी विभाग, विद्यापीठांचे सल्ले येतात त्यात बहुतेक वेळा यापेक्षा साध्या गोष्टी असतात, एक ते दोन टक्के पोटॅशियम नायट्रेटची फवारणी आणि ६ ते ८ टक्के केओलिन. केओलिन म्हणजे पांढरी चिनी माती, झाडातलं संयुग नव्हे, खनिज, पण नैसर्गिकच. पानावर पांढरा थर बसतो, ऊन परावर्तित होतं, पान कमी तापतं. ८ टक्के म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १ किलो २०० ग्रॅम पावडर, ती सतत ढवळत राहावी लागते आणि पाठीवरचा पंप चालवणाऱ्याला याचा भारी कंटाळा येतो. ताणावर खास काम करणारी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था बारामतीजवळ माळेगावला २००९ पासून आहे, या भागात अशी संस्था असणं साहजिकच आहे.

वेळ आणि जमीन

जवळजवळ सगळ्या संयुगांना एक नियम लागू पडतो: ताण यायच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला द्यायचं. पान दुपारी मलूल होऊन संध्याकाळी परत टवटवीत होतंय तोवर वेळ आहे, सकाळी उठल्यावरही पान लोळलेलंच असेल तर मग फवारून काही होत नाही, कारण फवारलेलं आत घ्यायला पान जिवंतपणाने काम करत असावं लागतं. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. हलक्या मुरमाड रानात ओलच चार दिवसांची असते तिथे फरक कमी दिसतो, मध्यम-भारी काळ्या जमिनीत खाली ओल शिल्लक असते तिथे जास्त. आणि कोळपणी करून भेगा बुजवणं, पालापाचोळ्याचं आच्छादन, सरी-वरंबा हे केलेलं नसेल तर बाटलीवर पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. शेण-गोमूत्राच्या जीवामृताबद्दल पण हेच, जमिनीतल्या जिवाणूंना त्याचा उपयोग होत असेल पण ते फवारलं की पीक दुष्काळातून तरतं हे दावे आहेत त्या मानाने पुरावा तोकडा आहे.

बाजार आणि कायदा

बरीच वर्षं हा बाजार मोकाट होता, खतात नाही आणि औषधातही नाही, त्यामुळे कुठल्याही काळ्या पाण्याला ह्युमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातलं काळपट आम्ल) म्हणून विकता यायचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजकांचा समावेश केला, वनस्पती आणि शेवाळाचे अर्क, अमिनो ॲसिडं, ह्युमिक-फल्विक ॲसिड, बाष्परोधक (पानातून पाणी उडणं कमी करणारे) असे गट पाडले आणि कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या वर चालणार नाही असं ठरवलं, कारण ‘सेंद्रिय’ टॉनिकात गुपचूप कीटकनाशक मिसळायचे उद्योग चालायचे. जुन्या मालाला दिलेल्या तात्पुरत्या परवान्यांची मुदत वाढत वाढत जून २०२५ मध्ये संपली. युरोपात असाच कायदा २०१९ चा, जुलै २०२२ पासून लागू. घेताना बाटलीवर घटक, त्यांचं प्रमाण, कुठल्या पिकासाठी आणि किती मात्रा हे छापलंय का बघावं, पक्कं बिल घ्यावं, आणि पहिल्या वर्षी शेताच्या मधल्या चार ओळी मुद्दाम न फवारता सोडाव्यात, काढणीला त्यांचं वजन वेगळं करावं, बांधाकडच्या ओळी यासाठी घेऊ नयेत कारण तिथली ओल आणि सावली वेगळी असते.