पानागणिक पैसे: नव्या लेखकाच्या धडपडीमागची पार्श्वभूमी

पहिल्या पुस्तकाला प्रकाशक कुठून मिळवायचा, हा प्रश्न आता मागे पडला आहे. ई-बुक घरबसल्या चढवता येते आणि फार तर तीन दिवसांत ते विक्रीला लागते. धडपड सुरू होते ती त्यानंतर. पुस्तक कुणाच्या नजरेला पडावे कसे, आणि पडलेच तर लिहिणाऱ्याच्या हाती काय लागावे? यातल्या दुसऱ्या प्रश्नावर गेली काही वर्षे जी भांडणे चालली आहेत, त्यांचे मूळ अॅमेझॉन या ऑनलाइन दुकानाच्या १ जुलै २०१५ पासून लागू झालेल्या एका निर्णयात आहे: वर्गणी भरून वाचल्या जाणाऱ्या ई-बुकांचे पैसे लेखकाला वाचलेल्या पानांवर द्यायचे. तो समजला नाही तर आजचे अर्धे वाद कळतच नाहीत.

थोडे मागचे आधी सांगून टाकू. पदरमोड करून पुस्तक काढणे हे कमीपणाचे, ही समजूत फार जुनी नाही. १८११ मध्ये एका इंग्रज लेखिकेची पहिली कादंबरी ‘विकली गेली नाही तर नुकसान तुमचे’ या बोलीवर छापली गेली. पहिल्या आवृत्तीवर तिला १४० पौंड सुटले. पुढच्या कादंबरीचे हक्क मात्र तिने एकरकमी विकले. मागितले होते १५० पौंड, मिळाले ११०. नेमकी तीच कादंबरी जास्त चालली, आणि दुसऱ्या आवृत्तीचा नफा प्रकाशकाच्या खिशात गेला.

त्याच शतकात इंग्लंडमधल्या कादंबऱ्या तीन-तीन भागांत निघत. वर्गणीवर चालणाऱ्या बड्या वाचनालयांना ते सोयीचे होते, कारण एकच कादंबरी एका वेळी तीन वर्गणीदारांत फिरवता येई. लेखकही कथेत पाणी घालून तीन भाग भरत. १८९४ मध्ये याच वाचनालयांनी दर भागामागे कमी किंमत देऊ केली आणि काही वर्षांतच तीन भागांची कादंबरी संपली. वर्गणीचा हिशोब पुस्तकाची लांबी ठरवतो, ही गोष्ट इथे लक्षात ठेवावी.

विसावे शतक बहुतेकांचे पाहून झाले आहे: टपालाने गेलेली बाडे, महिनोन्‌महिने वाट आणि शेवटी ‘साभार परत’. त्यातला कामाचा एकच टप्पा सांगतो. १९९७ च्या सुमारास मागणीनुसार एकेक प्रत छापून देणारी सेवा अमेरिकेत सुरू झाली, आणि हजार प्रती छापून त्यांचे गठ्ठे पलंगाखाली ठेवायची गरज उरली नाही.

नोव्हेंबर २००७ मध्ये अॅमेझॉनने, म्हणजे सगळ्यांत मोठ्या ऑनलाइन पुस्तक-दुकानाने, आपला ई-रीडर (ई-बुके वाचायचे यंत्र) आणला, आणि त्याच सुमारास लेखकांना थेट पुस्तक चढवण्याची सोयही दिली. खरा फरक पडला २०१० च्या मध्यावर. लेखकाचा वाटा ३५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेला, पण किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या मध्ये असेल तरच. म्हणजे ९९ सेंटच्या सहा प्रती खपवून जे मिळायचे, तेवढे २.९९ डॉलरच्या एका प्रतीत मिळू लागले. तरीही नवखे लेखक ९९ सेंटलाच चिकटून राहिले. अनोळखी नावावर कुणी तीन डॉलर टाकत नाही, हे त्यांना पक्के माहीत होते.

मार्च २०११ हा महिना या मंडळींत अजून सांगितला जातो. प्रकाशकांनी वर्षानुवर्षे नाकारलेली आणि मग स्वतःच ई-बुके काढून दहा लाखांवर प्रती खपवलेली एक २६ वर्षांची अमेरिकन लेखिका त्याच महिन्यात एका जुन्या प्रकाशनसंस्थेकडे गेली. चार पुस्तकांचे सुमारे वीस लाख डॉलर ठरले. आणि त्याच महिन्यात एका नावाजलेल्या थरारकथाकाराने प्रकाशकाचे पाच लाख डॉलर नाकारून ‘मी माझे स्वतः काढतो’ असे जाहीर केले. दोन्ही बातम्या परस्परविरोधी म्हणून गाजल्या. मला त्या एकच वाटतात: दोघांकडेही वाचक आधीच होते, म्हणून दोघांना निवड करता आली. (थरारकथाकाराने ते पुस्तक शेवटी त्याच ऑनलाइन दुकानाच्या प्रकाशन शाखेला दिले, हे सांगायचे राहून जाते.)

डिसेंबर २०११ मध्ये दुकानाने लेखकांपुढे नवी अट ठेवली. नव्वद दिवस ई-बुक फक्त आमच्याकडे ठेवा, दुसरीकडे कुठेही नको, स्वतःच्या संकेतस्थळावरही नको. बदल्यात, वाचक विकत न घेता दुकानाकडून उसनी घेऊन जी पुस्तके वाचतात त्यांच्यासाठी ठेवलेल्या निधीतून वाटा घ्या. जुलै २०१४ मध्ये महिन्याला ९.९९ डॉलरची वर्गणी आली. भरा आणि हवे तितके वाचा. लेखकाचा हिशोब असा: वाचकाने पुस्तकाचा दहावा हिस्सा ओलांडला की एक उसनवारी धरायची, आणि महिन्याचा निधी सगळ्या उसनवाऱ्यांत सारखा वाटायचा. एका उसनवारीला साधारण सव्वा ते दीड डॉलर पडत.

आता तीस पानांची पुस्तिका घ्या. तीन पाने उलटली की पैसे जमा. पाचशे पानांच्या कादंबरीच्या लेखकाला तेवढेच पैसे मिळायला वाचकाने पन्नास पाने वाचायला हवीत. परिणाम व्हायचा तोच झाला. कादंबऱ्यांचे तुकडे पडले, एकेक प्रकरण ‘भाग पहिला’, ‘भाग दुसरा’ म्हणून निघू लागले, आणि पंचवीस पानी पुस्तिकांचा सुळसुळाट झाला. जाडजूड कादंबऱ्या लिहिणारे ओरडू लागले.

त्यावरचा तोडगा म्हणजे १ जुलै २०१५ चा नियम: पैसे वाचलेल्या पानांवर. अक्षर मोठे करून किंवा ओळी विरळ करून पाने फुगवता येऊ नयेत म्हणून दुकानाने स्वतःचे एक प्रमाणित पान ठरवले. एका वाचकाचे पहिलेच वाचन मोजले जाई. पहिल्या महिन्याचा दर अर्ध्या सेंटच्या जरा वर निघाला. तीनशे पानांची कादंबरी कुणी शेवटपर्यंत वाचली तर पावणेदोन डॉलरच्या आसपास. तीस पानांचे मुलांचे चित्रपुस्तक पूर्ण वाचले तर सतरा-अठरा सेंट, जिथे आदल्या महिन्यात डॉलरच्या वर मिळत होते.

‘जो वाचला जाईल त्याला पैसे’ हे ऐकायला न्याय्य वाटते, आणि निर्णयाचे समर्थक आजही एवढेच वाक्य पुढे करतात. पण कवितासंग्रह कोणी सलग वाचत नाही. संदर्भपुस्तकात माणूस हवे तेवढेच पान उघडतो. पान मोजले म्हणजे वाचन मोजले, हे गृहीतक फक्त उत्कंठावर्धक कादंबरीला लागू पडते, आणि फायदाही तिचाच झाला. शिवाय दर आधी कळत नाही. महिना संपतो, पुढच्या महिन्याच्या मध्यावर निधी जाहीर होतो, मग लेखकाला कळते की गेल्या महिन्यात आपले पान कितीला गेले. मजुरी काम झाल्यावर ठरवण्याचाच हा प्रकार, आणि त्याचे एवढे कौतुक का झाले हे मला उमगलेले नाही.

त्याहून मोठी गोम पुढे उघडी पडली. यंत्रणा पाने मोजतच नव्हती. वाचक पुस्तकात सर्वांत पुढे कुठवर पोहोचला, एवढेच ती नोंदवी. मग पहिल्याच पानावर ‘बक्षिसासाठी इथे दाबा’ असा दुवा द्यायचा, तो थेट शेवटच्या पानावर न्यायचा, आणि मधली सगळी पाने वाचली म्हणून वसूल करायची. एका पुस्तकाला एका वाचकामागे ३,००० पानांची कमाल मर्यादा घातली गेली, तर लोक ती गाठण्यासाठी जुनी पुस्तके नव्याच्या पोटात भरू लागले. अनुक्रमणिका शेवटी असली की ती पाहायला गेलेला वाचकही शेवटावर पोहोचला असे धरले जाई, म्हणून मार्च २०१६ मध्ये अशा पुस्तकांवर बडगा उगारला गेला. त्यात ती सवयीने शेवटी ठेवणारे सरळमार्गी लेखकही सापडले. २०१८ च्या मध्यावर, जोडलेला मजकूर पुस्तकाच्या दहा टक्क्यांवर नको, असे बंधन आले. या सगळ्या काळात निधी एकच होता, त्यामुळे लबाडीने गेलेला प्रत्येक डॉलर दुसऱ्या कुणा लेखकाच्या वाट्यातून गेला.

नव्या लेखकाला तरीही हा मार्ग सोडवत नाही, कारण उसनवारी नोंदली की ती विक्रीसारखीच दुकानाच्या खपाच्या क्रमवारीत धरली जाते, मग पुस्तक उघडले जावो वा न जावो. वर्गणीदाराला अनोळखी नाव उघडून पाहायला जादा पैसे पडत नाहीत. ९९ सेंटने जे काम २०११ मध्ये केले, ते आता वर्गणी करते. बदल्यात बाकीची सगळी दुकाने नव्वद-नव्वद दिवस बंद.

२०२३ मध्ये सुळसुळाटाचा प्रश्न पुन्हा दाराशी आला. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एका नामवंत विज्ञानकथा मासिकाने यंत्राने (कृत्रिम बुद्धिमत्तेने) लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे साहित्य स्वीकारणेच काही काळ थांबवले. सप्टेंबरमध्ये ऑनलाइन दुकानाने एका खात्यावरून दिवसाला तीनच नवी पुस्तके चढवता येतील, असा नियम केला. तीन! मजकूर यंत्राने तयार केला असेल तर तसे कळवणेही बंधनकारक झाले. मात्र कळवायचे ते दुकानाला. पुस्तकाच्या पानावर वाचकाला ते दाखवण्याची तरतूद त्या नियमात नव्हती.