स्विंग एनआरव्ही की ड्युअल प्लेट?

पंप बंद केला की धाडकन आवाज यायचा आणि अख्खा डिलिव्हरी हेडर (सगळे पंप ज्यात पाणी सोडतात तो मोठा पाइप) हलायचा. आमच्या कूलिंग वॉटरच्या पंपहाऊसमध्ये हे इतक्या वर्षांचं होतं की नव्या ऑपरेटरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचे, ‘घाबरू नकोस, एनआरव्ही बसला.’ एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. मला मात्र ते कधी पटलं नाही. नीट बसणारी झडप एवढा आवाज करत नाही. उशिरा बसणारी करते.

स्विंग आणि ड्युअल प्लेट हे एनआरव्हीचे दोन प्रकार. दोघांचं काम एकच: पाणी पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही. स्टोअरच्या इंडेंटवर (मागणीपत्रावर) दोन्ही ‘एनआरव्ही, 200 एमएम’ म्हणूनच येतात (पाणीपुरवठ्याच्या कामात याच स्विंगला रिफ्लक्स व्हॉल्व्ह म्हणतात). घोटाळा इथूनच सुरू होतो.

स्विंगमध्ये वर बिजागरीला लटकलेली एकच मोठी डिस्क असते. प्रवाहाने ती उचलली जाते आणि प्रवाह थांबला की स्वतःच्या वजनाने खाली येते. पण तिला अंतर बरंच कापायचं असतं. दोन पंप एकाच हेडरवर चालू असताना एक बंद केला, तर दुसऱ्याचा दाब त्याच क्षणी बंद पंपाकडे पाणी ढकलतो. डिस्क अजून अर्ध्या वाटेत असते आणि उलटं आलेलं पाणी तिला सीटवर (डिस्क टेकते त्या कडेवर) आपटतं. पोलादी पाइपात दाबाची लाट सेकंदाला साधारण 1,000 ते 1,200 मीटर धावते. त्यामुळे उलटा वेग सेकंदाला फक्त 1 मीटर असला तरी दाब 10 ते 12 बारने उसळतो. मॉस्कोच्या पाण्याच्या लाइनींवर प्रयोग करून रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी हे गणित 1898 मध्ये मांडलं. आमच्या हेडरचे सपोर्ट दर वर्षी का सैल व्हायचे, ते याच गणितात होतं.

ड्युअल प्लेटमध्ये मधोमध पिन, तिच्यावर दोन अर्धगोल पाती आणि त्यांना मिटवणारी स्प्रिंग. पाती हलकी, प्रवास कमी. पाणी उलटं वळायच्या आतच ती जवळपास मिटलेली असतात. आम्ही तिन्ही पंपांवर ती बसवली आणि तो आवाज गेला.

मग नको तो उत्साह आला. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटच्या) लाइनवरही तीच बसवली गेली. महिन्याभरात पंप बंद असताना उलटा फिरायला लागला. व्हॉल्व्ह काढून पाहिला तर मधल्या पिनेला चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची वेणी गुंडाळलेली, आणि एक पातं निम्मं उघडं अडकलेलं. तिथे स्विंगच हवा, कारण त्याच्या वाटेत मधे काही नसतं. शिवाय वरचं झाकण खोललं की डिस्क, पिन, सीट जागेवरच साफ करता येतात. वेफर पद्धतीची ड्युअल प्लेट दोन फ्लँजमध्ये (पाइपांच्या टोकांच्या चकत्यांमध्ये) स्टडनी आवळलेली असते. तिला हात लावायचा तर लाइनच सोडवावी लागते.

निवडताना बहुतेक जण पाइपचा साइज बघतात आणि तोच व्हॉल्व्ह मागवतात. बघायचा असतो तो वेग. लाइन गरजेपेक्षा मोठी असली तर डिस्क पूर्ण उघडतच नाही, अधांतरी फडफडत राहते. मग पिनेचं भोक लंबगोल होतं, डिस्क तिरकी बसते आणि गळती सुरू होते. ड्युअल प्लेटमध्ये याच फडफडीने स्प्रिंग थकते, आणि तुटलेला तुकडा पाण्याबरोबर पुढे जातो. पूर्ण उघडायला किमान किती वेग लागतो ते उत्पादकाकडून लेखी घ्या. आणि रेसिप्रोकेटिंग (दट्ट्याच्या) कॉम्प्रेसरच्या तोंडावर यांपैकी काहीही लावू नका. तिथल्या ठोक्यांना दोन्ही टिकत नाहीत.

जागाही महत्त्वाची. पंपाच्या किंवा एल्बोच्या तोंडालाच चिकटवला, तर खळबळणारं पाणी झडपेला स्वस्थ बसू देत नाही. पाइपच्या व्यासाच्या निदान पाच पट सरळ लांबी सोडा. आडव्या लाइनमध्ये ड्युअल प्लेटची पिन उभीच हवी, नाहीतर खालचं पातं वजनाने लोंबतं. आणि पुढे लगेच बटरफ्लाय व्हॉल्व्ह असेल तर मधे स्पूल (पाइपचा छोटा तुकडा) टाका. उघडलेली पाती बाहेर डोकावतात आणि बटरफ्लायच्या डिस्कवर आदळतात. फिटरने ‘व्हॉल्व्ह जाम आहे’ म्हणून पान्याला पाइप लावून जोर केलेला मी पाहिलाय. पातं वाकलं, दोन्ही व्हॉल्व्ह गेले.

चालू प्लांटमध्ये तपासणी सोपी आहे. हेडरवर दाब असताना एक पंप बंद करा, डिलिव्हरी व्हॉल्व्ह उघडाच ठेवा आणि कपलिंग गार्डच्या जाळीतून शाफ्टकडे बघा. हात आत घालू नका. शाफ्ट थांबून उलटा फिरू लागला, तर त्याच दिवशी तो पंप आयसोलेट करा. उलट्या फिरणाऱ्या पंपाला कुणी स्टार्ट दिला तर शाफ्ट पिळवटून तुटू शकतो.