डीपीत (विकास आराखड्यात) रस्ता दिसतो, म्हणून जागा पालिकेची होत नाही

"डीपीत रस्ता आहे, म्हणजे जागा केव्हाच पालिकेची झाली, फक्त डांबर टाकायचं राहिलंय." पुण्यातल्या अर्धवट जोडरस्त्यांबद्दल हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही.

विकास आराखड्यातली रेघ म्हणजे आरक्षण. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच राहतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 126 नुसार पालिकेला ती जागा घ्यावी लागते: वाटाघाटीने, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (जादा बांधकामाची मुभा) देऊन, नाहीतर भूसंपादन करून. मालकाला रोख मोबदला हवा आणि पालिका टीडीआर पुढे करते, तिथे गाडं अडतं. मग दोन्ही बाजूंनी पक्का झालेला रस्ता मधल्याच पत्र्याच्या कुंपणाशी थांबतो, दुचाकीवाले फटीतून निघतात आणि चारचाक्या मुख्य चौकात जाऊन कोंडी वाढवतात.

उलट धोकाही आहे, आणि तो कुणी सांगत नाही. आराखडा लागू होऊन 10 वर्षांत जागा घेतली नाही, तर कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षणच रद्द होतं.

तेव्हा जोडरस्ता हवा असेल, तर "डांबर कधी टाकणार?" हा प्रश्न पथ विभागाला विचारून फारसं काही हाती लागत नाही. माहिती अधिकारात गट क्रमांकवार विचारा: संयुक्त मोजणी झाली का, ताबा कुठल्या तुकड्याचा आहे, मालकाची नोटीस आली आहे का आणि यंदाच्या अंदाजपत्रकात भूसंपादनासाठी तरतूद किती?