मांडीला कफ बांधून चालायचा व्यायाम: घरच्या ज्येष्ठांना सुरू करण्याआधी एवढं वाचाच

हल्ली आमच्याकडे येणारे बरेच जण मोबाईलवर व्हिडिओ दाखवून विचारतात की मांडीला पट्टा बांधून चालल्यावर पायात ताकद येते म्हणे, आमच्या आईला किंवा आजोबांना चालेल का. प्रत्येकाला फोनवर पूर्ण सांगता येत नाही आणि अर्धवट सांगितलं तर ते धोक्याचं आहे, म्हणून हे कागदावर लिहून देतोय.

या प्रकाराला ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन म्हणतात, थोडक्यात बीएफआर. सुरुवात जपानमध्ये झाली, योशिआकी सातो यांनी १९६० च्या दशकात स्वतःवर प्रयोग करत हे बसवलं आणि तिकडे त्याला कात्सू म्हणतात. बीपी बघताना दंडाला बांधतात तसाच हवेचा कफ दोन्ही मांड्यांना अगदी वर, जांघेजवळ बांधायचा, ठरलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि मग सावकाश चालायचं किंवा बसल्या जागी सायकलचं पेडल मारायचं, बास. रक्त पायात जायचं थांबत नाही, थोडं कमी होतं, पण पायातून वर परत येणारं रक्त बरंच अडतं, त्यामुळे स्नायूला ऑक्सिजन कमी पडतो, लॅक्टेट (मेहनत करताना स्नायूत तयार होणारा पदार्थ) साठतं आणि एरवी जड वजन उचलतानाच कामाला लागणारे स्नायूतले जोरकस तंतू साध्या चालण्यातही कामाला लागतात.

आता हे कशासाठी, तर वयामुळे स्नायू झडायला लागले की खरा उपाय वजनांचा व्यायाम हाच, ज्यांना तो जमतोय त्यांनी तोच करावा, आम्ही त्यांना कफ बांधायला सांगत नाही. पण गुडघे झिजलेत, नुकतंच आजारपण झालंय, वर्षभरात काही न करता चारपाच किलो वजन उतरलंय, हाताची पकड सैल झालीय, खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो, अशा माणसाला जड वजन द्यायचं कसं? आणि नुसतं हळूहळू चालून दम थोडा सुधारतो पण मांड्या भरत नाहीत. या अडकलेल्या माणसांसाठी बीएफआर कामाचं आहे आणि म्हणूनच आम्हाला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं.

२०१० मध्ये जपानमधल्या संशोधकांचा एक अभ्यास आला, त्यात साठीच्या पुढच्या लोकांना कफ बांधून रोज २० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, असं ६ आठवडे ट्रेडमिलवर चालवलं, वेग मिनिटाला ६७ मीटर म्हणजे रमतगमत चालण्याचाच. मांडीचे स्नायू साधारण ६ टक्क्यांनी वाढले आणि गुडघ्याची ताकदही वाढली. पण ती माणसं हिंडतीफिरती होती, खूप अशक्त नव्हती, त्यामुळे घरात भिंत धरून चालणाऱ्या माणसाकडून सहा आठवड्यांत तेवढीच अपेक्षा धरू नका, आम्हीही तसा शब्द देत नाही.

दाब किती द्यायचा हा सगळ्यात नाजूक भाग. एकच आकडा सगळ्यांना चालत नाही कारण मांडीची जाडी, कफची रुंदी आणि बीपी यावर तो बदलतो, रुंद कफला कमी दाब पुरतो, अरुंदला जास्त लागतो. आधी आडवं झोपवून डॉपलरने, म्हणजे धमनीतलं रक्त वाहतंय का हे ध्वनिलहरींनी कळवणाऱ्या यंत्राने, बघतात की कितव्या दाबाला पायातलं रक्त पूर्ण थांबतं, आणि व्यायामाला त्याच्या ४० ते ८० टक्के दाब ठेवतात. अशक्त माणसाला आम्ही ४० पासूनच सुरू करतो आणि वर जायची घाई करत नाही. चालायचं दोन-दोन मिनिटं, मध्ये बसून विश्रांती, एकूण कफ बांधलेला वेळ ५ मिनिटांपासून हळूहळू वाढवत जास्तीत जास्त २० मिनिटं, आठवड्यातून २-३ दिवस. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग कमी.

म्हणून रबरी पट्टा, ओढणी, दोरी, ऑनलाइन मिळणारे आवळायचे बेल्ट यातलं काहीही घरी बांधू नका, हात जोडून सांगतो, दाब किती पडतोय ते कळायला मार्गच नसतो.

पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ कधी झाली असेल, पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील, बीपी ताब्यात नसेल, हार्ट फेल्युअर असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील, पायाला जखम किंवा जास्त सूज असेल, सिकल सेल हा रक्ताचा आजार असेल तर आम्ही थेट नाही म्हणतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या, फुगलेल्या नसा, डायबेटीसमुळे पायाला कमी कळणं, यात आधी डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. या व्यायामात बीपी एरवीच्या चालण्यापेक्षा जास्त चढतं, म्हणून ते आधी, मध्ये आणि नंतर बघतोच.

मांडी जड वाटणं, पोटरी ताठणं, दुसऱ्या दिवशी ठणकणं हे चालतं. मुंग्या, बधिरपणा, पाऊल पांढरं किंवा काळंनिळं पडणं, चक्कर, छातीत दाब यातलं काही झालं की लगेच सांगायचं, आम्ही त्याच क्षणी हवा सोडतो, 'अजून एक फेरी होईल' असं म्हणत सहन करायचं नाही. घरी गेल्यावर एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर आमची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

तोल सांभाळायचा सराव वेगळा करावाच लागतो, कफने तो येत नाही. आणि जेवणात प्रोटीन नसेल तर स्नायू कशातून बांधले जाणार, ज्येष्ठांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम तरी लागतं, किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच.

पहिल्या दिवशी येताना सगळ्या गोळ्यांची यादी, अलीकडचे रिपोर्ट, मांडीपर्यंत वर सरकेल अशी सैल पँट, घट्ट बसणारे बूट आणि घरातलं एक माणूस सोबत आणा. पहिल्या दिवशी फक्त तपासणी आणि दाब मोजणं होतं, चालणं पुढच्या वेळेपासून, आणि त्या दिवशी ताप असेल किंवा रात्री झोप झाली नसेल तर सरळ फोन करा, दिवस पुढे ढकलू.