खिडक्या बदलल्या की पैसे वसूल?

"दुहेरी काचेच्या खिडक्या बसवा, वीजबिलातून चार-पाच वर्षांत पैसे वसूल," हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. काचेपुरतं त्यात तथ्य आहे. एकेरी काचेची यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता आरपार जाण्याचा दर, साधारण ५.८ असते, साध्या दुहेरी काचेची २.८च्या आसपास. गळती निम्मी! पण ती फक्त काचेतून होणारी. भिंती, छप्पर, दाराखालची फट तशीच राहते, म्हणून बिल काही निम्मं होत नाही. नुसत्या बचतीतून वसुली व्हायला अनेकदा दशकं लागतात.

आधी एक करून बघा. वारा असेल त्या दिवशी पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने फिरवा. धूर थरथरला तिथे फट आहे. ती सीलंटने किंवा रबरी पट्टीने किरकोळ खर्चात बुजते. दोन काचांच्या मध्ये धुकं साचलंय? सील गेलंय. चौकट धड असेल तर बहुतेक वेळा नुसतं काचेचं युनिट बदलता येतं (विक्रेता हे आपणहून सांगेलच असं नाही).

चौकट कुजली, वाकली असेल तर मात्र बदलाच. कोटेशनमध्ये जुनी काढणं, नवी बसवणं आणि कडा भरणं धरलंय का, ते विचारून घ्या. भारीतली काच ढिसाळ बसवली तर वारा कडेने येतोच.