दातांना कानस लावण्याआधी

१९७६ साली शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या दंतवैद्यांनी एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. जबडा दुखतो म्हणून आलेल्या २५ रुग्णांना त्यांनी सांगितलं, की तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, ते थोडे कानसून जुळवून देतो. त्या काळी हा रूढ उपचार होता. प्रत्यक्षात त्यांनी घासण्याचा फक्त आविर्भाव केला, दातांची ठेवण होती तशीच राहू दिली. तरीही २५ पैकी १६ जणांचं दुखणं पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे थांबलं.

त्या सोळा जणांचं दुखणं खोटं होतं, असा अर्थ यातून काढू नये. ते खरंच होतं. फक्त त्याचं मूळ दातांच्या ठेवणीत नव्हतं. जबड्याच्या सांध्याचं दुखणं घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग ठाऊक असायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण खरोखर कानसलेला दात पुन्हा वाढत नाही.

दोन्ही कानांच्या अगदी पुढे एकेक बोट ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. बोटाखाली जे हलतं तो हा सांधा. सुरुवातीला तो दाराच्या बिजागरीसारखा फिरतो, आणि तोंड आणखी उघडलं की टेबलाच्या खणासारखा पुढे सरकतो. एकाच सांध्याने दोन्ही हालचाली करायच्या, त्याही पलीकडच्या कानाजवळच्या जोडीदाराला सांभाळून, कारण खालचा जबडा म्हणजे एकच सलग हाड. हाडांच्या मध्ये एक लवचीक चकती असते. ती जागेवरून पुढे सरकली, की तोंड उघडताना पुन्हा जागेवर येते आणि ‘कट’ असा आवाज होतो. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, म्हणजे आपलीच तीन बोटं उभी आत जात असतील, तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही. हे ऐकून कित्येकांची निम्मी काळजी मिटते.

सांधा कानाला इतका खेटून, की दुखणं कानातच वाटतं. १९३४ साली जेम्स कॉस्टेन या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञाने अशा ११ रुग्णांचं वर्णन केलं. मागच्या दाढा पडल्या की जबडा जास्त वर-मागे जातो आणि कानाजवळच्या नसा दाबतो, अशी त्याची मांडणी. शरीररचनेच्या अभ्यासकांनी ती पुढे खोडून काढली. पण ‘दोष दातांच्या ठेवणीत’ ही कल्पना दंतवैद्यकात अनेक दशकं मुरली, आणि तिच्यापायी धडधाकट दात कानसले गेले, त्यांवर कॅप बसल्या. १९८०च्या दशकात अमेरिकेत तर कित्येकांच्या सांध्यात टेफ्लॉनचा मुलामा असलेल्या कृत्रिम चकत्या बसवल्या गेल्या. चावण्याच्या दाबाने त्यांचा भुगा झाला, त्या कणांवर शरीराने हल्ला चढवला आणि त्यात हाड झिजत गेलं. १९९०च्या सुमारास त्या परत मागवाव्या लागल्या, पण ज्यांच्या जबड्यात त्या होत्या त्यांचे हाल पुढे वर्षानुवर्षं चालू राहिले.

मग दुखतं कशाने? बऱ्याचदा स्नायूंनी. दातांवर दात टेकतात ते जेवताना आणि गिळताना, सगळं मिळून दिवसाकाठी जेमतेम वीस मिनिटं. एरवी त्यांच्यात २ ते ४ मिलिमीटर फट असते. आत्ता हे वाचताना तुमचे दात कुठे आहेत? टेकलेले असतील, तर गालाचा आणि कानशिलाचा स्नायू विनाकारण राबतो आहे. गाडी चालवताना, संगणकासमोर, चिंतेत असताना माणूस तासन्‌तास असे दात आवळून धरतो आणि त्याला पत्ताही नसतो.

झोपेत दात खाणं वेगळं. आपल्याकडे मूल दात खायला लागलं की घरातली मोठी माणसं जंतांचं औषध काढतात. खरं तर ही झोपेतल्या मेंदूची करामत आहे. उथळ झोपेत मेंदू क्षणभर किंचित जागा होतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि मागोमाग चावण्याचे स्नायू तालात आकसतात. मुलांची ही सवय बहुधा आपोआप जाते. मोठ्यांमध्ये दारू, सिगारेट, कॉफी आणि नैराश्यावरची काही औषधं तिला खतपाणी घालतात. औषध मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेची तपासणी करून घ्यावी.

रात्री घालायची कडक अॅक्रिलिकची पट्टी, म्हणजे नाइट गार्ड, दातांची झीज वाचवते. तेवढ्यासाठी ती चांगली आहे. दात खाणं मात्र ती थांबवत नाही. जुनाट दुखण्यासाठी २०२३ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने जबड्याचे व्यायाम, तज्ज्ञाच्या हातचे उपचार, विचार-वर्तन उपचार आणि नीट समजावून सांगणं यांना पहिलं स्थान दिलं. दुखणं कमी करण्यासाठी साध्या पट्टीचीही शिफारस केली नाही, आणि दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या पट्ट्यांना व चकती काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला ठाम नकार दिला. म्हणून दंतवैद्यांना एक प्रश्न न संकोचता विचारावा: हे केलेलं पुन्हा पूर्वीसारखं करता येईल का?

तपासून घ्यायलाच हव्यात अशा दोन गोष्टी. तोंड हळूहळू कमी उघडत असेल, तिखट झोंबत असेल, गाल आतून पांढरट आणि ताठ लागत असेल आणि सुपारी किंवा गुटख्याची सवय असेल, तर तो सांध्याचा आजार समजू नका, सुपारीमुळे तोंडाची आतली त्वचा ताठ करणारा आजार असू शकतो. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी असे रुग्ण येतच राहतात, आणि या आजारातून पुढे कर्करोग होऊ शकतो. दुसरी गोष्ट, जिना चढताना जबडा दुखून थांबल्यावर बरं वाटत असेल तर आधी हृदय तपासा.

घरी करण्यासारखं बरंच आहे. काही दिवस वरण-भात, खिचडी असं मऊ खावं. चिक्की, ऊस, च्युइंग गम बाजूला ठेवावं. दुखऱ्या गालावर ओल्या गरम फडक्याचा शेक घ्यावा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरावी, म्हणजे तोंड फार वासत नाही. आणि दिवसभरात आठवेल तेव्हा ‘न’ म्हणून जीभ तिथेच टेकवून ठेवावी. ओठ मिटलेले असले तरी दात आपोआप सुटे राहतात.